रोज एक प्रकरण, एक संदेश

संदेश म्हणजे निरोप. बंगाली माणसानं आपल्या सर्वांत लाडक्या मिठाईला हे नाव का दिलं, याचं उत्तर तिकडची जुनी माणसं असं सांगतात, की पूर्वी सोयऱ्याधायऱ्यांकडे खुशाली कळवायला माणूस धाडला, की त्याच्या हाती काहीतरी गोड द्यायची रीत होती. निरोप तोंडी, गोड हातात. हळूहळू हातातल्या वस्तूलाच निरोपाचं नाव पडलं. आपल्याकडेही दारात पेढ्यांचा पुडा आला, की कुणीतरी पास झालंय किंवा मुलगा झालाय हे न सांगता कळतंच. (मुलगी झाली तर बर्फी, हा आपला आणखी एक शहाणपणा!)

इंदूरच्या एका मराठी घरात हा संदेश २०२४ च्या डिसेंबरात शिरला, तो एका कादंबरीचा हात धरून. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘परिणीता’.

घरात माणसं तीन. ब्याऐंशी वर्षांच्या माई, बँकेतून निवृत्त व्हायला आलेला मुलगा आणि पन्नाशी ओलांडलेली सून. नातू पुण्यात नोकरीला. माईंची लेक, घरातली बेबी, बडोद्याला. माईंना वाचनाचं वेड. डोळे चांगले होते तोवर दुपारी कुणी हाक मारलेली त्यांना ऐकू यायची नाही. पण चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयोमानानं झिजू लागला. बाजूचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस दारातून आत येताना कळायचा, पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी काळपट डाग. छापील ओळीचं तर नावच नको. जे गेलं ते परत यायचं नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. माईंनी पुस्तकांचं कपाट बंद केलं आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. आणि बोलणंही कमी केलं.

सासू-सुनेचं वैर नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. तीस वर्षं दोघी एका ओट्याशी उभ्या राहिल्या. बोलणं झालं ते मिठाचं, दुधाचं, पाहुण्यांचं. सून दुपारी वाचून दाखवू लागली, तेही खरं तर डॉक्टरांनी ‘यांचं मन रमवा’ म्हटलं म्हणून. दोन-तीन पुस्तकं अर्ध्यावर राहिली. माई ऐकत, पण मधेच म्हणत, “पुरे, तुला कामं असतील.” मग एकदा कपाटातल्या तळच्या खणात जुन्या बांधणीची ‘परिणीता’ हाती लागली.

माईंचं माहेर धारचं. सोळाव्या वर्षी, म्हणजे १९५८ च्या सुमाराला, त्यांनी शरदबाबू वाचले ते चोरून. भावाच्या नावावर वाचनालयातून पुस्तक यायचं आणि माळ्यावर जायचं. मराठी घरांत शरदबाबू पोचवले ते मुख्यतः मामा वरेरकरांनी. स्वतः नाटककार असलेल्या या माणसानं बंगाली शिकून शरदबाबूंच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्या पिढीतल्या अनेक बायकांना शरदबाबू मराठी लेखक नाहीत, हे फार उशिरा कळलं असेल. दुसऱ्या भाषेतल्या लेखकाला यापेक्षा मोठा मान कोणता?

‘परिणीता’ १९१४ ची. शरदबाबू तेव्हा रंगूनला सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. लहानशी कादंबरी, सवडीनं बसलं तर एका दिवसात हातावेगळी व्हावी. गुरुचरण हा साठ रुपये पगाराचा बँकेतला कारकून. पाचवी मुलगी झाल्याची बातमी त्याला कळते, तिथून गोष्ट सुरू होते. त्याच्याच घरात वाढणारी अनाथ भाची ललिता. शेजारी श्रीमंत नवीन राय. गुरुचरणचं घर त्याच्याकडे गहाण. आणि त्या नवीन रायचा मुलगा शेखर. ललिता शेखरच्या खोलीत हक्कानं वावरते, त्याच्या कपाटातून लागतील तेवढे पैसे घेते, त्याच्या कपड्यांची, पुस्तकांची आवराआवर करते. घरातल्या धाकट्या मुलीच्या बाहुलीच्या लग्नाच्या रात्री ती थट्टेत शेखरच्या गळ्यात माळ घालते. मग शेखर ती माळ तिच्या गळ्यात घालतो. साक्षीला कोणी नाही, मंत्र नाहीत. पण ललितेच्या मनानं लग्न झालं ते झालं.

आजच्या वाचकाला एक गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही. ललिता तेरा वर्षांची आहे आणि शेखर पंचविशीतला. सुनेनंही तिथं थांबून पुस्तक मिटलं. माई म्हणाल्या, “अगं, तेव्हा तसंच होतं. माझ्या आजीला बाराव्या वर्षी उजवली.” खरंच आहे. मुलीचं वय निदान चौदा हवं म्हणणारा शारदा कायदासुद्धा १९२९ चा, म्हणजे कादंबरीनंतर पंधरा वर्षांनी आलेला. तेव्हाचं म्हणून समजून घ्यावं लागतं, पण टोचायचं ते टोचतंच, आणि टोचावंही. सुनेनं तसं बोलूनही दाखवलं. त्या घरात पुस्तकावरून झालेला तो पहिला वाद. माईंच्या आवाजाला बऱ्याच दिवसांनी धार आली होती.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी माईंनी विचारलं, “ही मंडळी गोड म्हणून खातात तरी काय गं? तू राहून आलीस ना तिकडे.”

सून १९९६ ते २००० अशी चार वर्षं कोलकात्यात होती, नवऱ्याच्या बदलीमुळे. खालच्या मजल्यावर घरमालकीण माशीमा. माशीमा म्हणजे मावशी. या माशीमांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या. माशाचा वास आला तरी तोंड वाकडं न करणं आणि संदेश. सुनेनं दुसऱ्याच दिवशी लीटरभर गाईचं दूध गॅसवर चढवलं आणि उकळी आल्यावर त्यात लिंबू पिळलं. वासावरून माईंना कळलं.

“नासलं का?”

“नासवलं, माई.”

“चांगलं दूध मुद्दाम नासवायचं?”

हा प्रश्न माईंचा एकटीचा नाही. दूध फाटणं हे आपल्याकडे अवलक्षणच. बंगालात मात्र त्या फाटलेल्या दुधातून मिठाईचं एक अख्खं राज्य उभं राहिलं. हुगळीच्या काठी वसलेल्या पोर्तुगीजांचं चीज पाहून बंगाली हलवायांना छेन्याची कल्पना सुचली, असं काही अभ्यासक म्हणतात, काही ते मानत नाहीत. वाद राहू द्या. इंदूर हे खव्याचं गाव. सराफ्यात रात्री बारालाही मावाबाटी खाणाऱ्या माणसाला छेना हलका वाटतो, थोडा पोरकटच वाटतो. पण संदेशाची चव जिभेवर उशिरा उमटते. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

करायला अवघड नाही, पण लक्ष हवं. दूध गाईचंच घ्यावं. म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट होतो. उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबावं. एका मोठ्या लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून तो थोडाथोडा सोडावा आणि हलक्या हातानं ढवळावं. हिरवट पाणी वेगळं झालं, की लिंबू तिथंच थांबवावं. ‘आणखी थोडं’ म्हणून पिळलं, की छेना आंबट झालाच. लगेच मलमलच्या फडक्यात गाळून वरून गार पाणी ओतावं, म्हणजे लिंबाचा वास जातो. अर्धा-पाऊण तास टांगून ठेवावं. छेना ना ओलागच्च, ना कोरडा ठणठणीत, असा हवा. मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं आठ-दहा मिनिटं मळायचा. खरी मेहनत इथंच. रवाळपणा जाऊन तळहात किंचित तुपकट लागला, की समजावं. लीटरभर दुधाचा पावशेरापेक्षा थोडा कमीच छेना निघतो. त्याला तीन-चार मोठे चमचे पिठीसाखर. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतायचं. गोळा कढई सोडू लागला, की उतरवायचं. मोह पडून आणखी परतलं तर दाणे पडतात आणि वडी कोरडी होते. वेलदोडा घालावा, कोमट असतानाच वळावं. दहा-बारा होतात. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात, पण राहिले तर.

थंडीत साखरेऐवजी खजुरीच्या रसाचा गूळ घालतात, नोलेन गूर. हिवाळ्याच्या रात्री खजुरीच्या झाडाला मडकी बांधतात, पहाटे रस उतरवून आटवतात. त्या गुळाला धुराचा एक मंद वास असतो. सुनेनं कोलकात्याहून येणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून त्याची एक ढेप मागवली. छाप उठवायला साचा हवा. बंगाली घरांतून शंखाचे, माशाचे, आंब्याचे लाकडी साचे असतात. इथं पेढ्याचा जुना साचा कामी आला. साचा माईंच्या हातात देऊन सून म्हणाली, “तुम्ही दाबा. याला डोळे लागत नाहीत.” माईंनी पहिला संदेश दाबला तो वाकडा झाला. पुढचे अकरा सरळ.

माईंना मधुमेह आहे. डॉक्टरांना विचारून ठरलं, दिवसाला एक लहानसा, तोही दुपारच्या चहाची साखर बंद करून. म्हणून मग तोच नियम झाला. रोज एक प्रकरण, एक संदेश. प्रकरण लांब असलं तर संदेश दोन घासांत खायचा, छोटं असलं तर एकाच. एका दिवसाची ही कादंबरी त्या घराला अठरा दुपारी पुरली.

पुस्तक वाचताना सोबत काही खावं की खाऊ नये, यावर वाचणाऱ्यांत दोन तट आहेत. पानांना तुपाचे डाग पाडणारे एका बाजूला आणि त्यांच्याकडे चोरासारखं बघणारे दुसऱ्या बाजूला. पण वाचून दाखवण्याच्या बैठकीला घास हवाच. ऐकणाऱ्याच्या हाताला काम राहतं आणि वाचणाराला श्वास घेता येतो. आणि खाणं पुस्तकाच्या जातीचं हवं. चिवडा-शेंगदाणे रहस्यकथेला ठीक. ‘परिणीते’सारख्या गोष्टीत सगळं न बोललेलं असतं. ललिता तोंडानं सांगत नाही, शेखर विचारत नाही, आणि निरोप पोचत नाही म्हणून गोष्ट पुढे सरकते. तिथं कुरकुरणारं काही चालायचं नाही.

सहाव्या दुपारी वाचन चालू असताना बडोद्याहून बेबीताईंचा फोन आला.

बेबीताईंचा फोन एरवी रविवारी सकाळी यायचा. आईची साखर किती, इकडे थंडी किती, जावयांचा गुडघा कसा. चार मिनिटं. दिवाळीला एका वर्षाआड त्या यायच्या आणि तिसऱ्या दिवशी निघायच्या. भांडण कधी कुणी ऐकलं नव्हतं. सून १९९४ साली या घरात आली तेव्हापासून हे असंच होतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. करंज्या, अनारसे, सगळं घरी करणाऱ्या माई संक्रांतीचा तिळगूळ मात्र विकतचा आणायच्या.

माई म्हणाल्या, “फोन ठेवू नको गं बेबी. ऐक जरा. छान चाललंय.” सुनेनं फोन मोठ्या आवाजावर टाकून उशीला टेकवला. दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला बडोद्याचा फोन पुन्हा आला. मग रोजच. बेबीताईंनी तिकडे संदेश करून पाहिला, पण म्हशीच्या दुधाचा. “वहिनी, हा संदेश नाही, खोडरबर झालाय,” असं त्यांनी कळवलं. त्यावर माई हसल्या. फोनवर दूध, लिंबू, मळणं यांची चर्चा प्रकरणापेक्षा लांबू लागली.

‘परिणीते’वरून निघालेले सिनेमे तिघींनाही ठाऊक. माईंचा १९५३ चा, बिमल रॉय यांचा, मीनाकुमारी आणि अशोककुमारचा. इतर दोघींचा २००५ चा, विद्या बालन आणि सैफ अली खानचा. नव्या सिनेमात शेखर शेवटी दोन घरांमधली भिंत फोडतो, लोक गोळा होऊन ओरडतात. पुस्तकात असलं काही नाही. कर्जानं आणि लेकींच्या लग्नांच्या धास्तीनं पिचलेला गुरुचरण ब्राह्मो होतो. शेजारचं दार त्याला बंद होतं. आणि एवढा शिकलासवरलेला शेखर, जो तिच्या गळ्यात माळ घालून गेलाय, तो गप्प बसतो. पैशाचा, धर्माचा, बापाच्या रागाचा हिशोब करत मनातल्या मनात ललितेलाच दोष देऊ लागतो. शरदबाबूंनी हा भाग फार निर्दयपणे लिहिलाय. पडद्यावरच्या हातोड्यापेक्षा हे गप्प बसणं जास्त लागतं.

ते प्रकरण संपलं तेव्हा संक्रांत चार दिवसांवर होती. माईंनी संदेश हातात धरला होता, खाल्ला नव्हता. फोन चालू होता.

“बेबी, त्या मुलाच्या आईनं तिळगूळ पाठवला होता,” माई म्हणाल्या. “अठ्ठ्याऐंशी साली. स्टीलच्या डब्यात.”

बडोद्याहून काही आवाज आला नाही. सून उठून स्वयंपाकघरात जायला निघाली, तर माईंनी पदर धरला.

“मी तो परत पाठवला. आपल्यातला नाही म्हणून. नानांना तर कळूही दिलं नाही. ते कदाचित हो म्हणाले असते.” मग थोड्या वेळानं, “तुझ्याच हाती परत पाठवला मी. तुझ्याच हाती.”

सुनेनं फोन उचलून पाहिला. चालूच होता.

“परत कुठे गेला तो?” बेबीताई म्हणाल्या. “मी खाल्ला.”

“काय?”

“नेहरू पार्कात बसून. सगळा. सोळा वड्या होत्या. डबा रिकामा करून, धुऊन परत दिला. तू काय सांग म्हणाली होतीस ते सांगितलंच नाही. म्हटलं, आईनं घेतला, आवडला.”

माईंचे ओठ हलले. सुनेला वाटलं रडतायत. पण त्या विचारत होत्या, “सोळाच्या सोळा?”

“आजारी पडले नंतर. तू म्हणालीस, थंडी बाधली.”

“मग तो मुलगा...”

“वाट बघत होता तुझ्याकडून कुणी येण्याची. मग त्याची बदली झाली. मीही काही बोलले नाही, आई. सगळं तुझ्या डोक्यावर नाही टाकत मी.” इथं आवाज जरा चिरकला. “पण तू एकदा विचारायला हवं होतंस मला. एकदाच.”

“हो,” माई म्हणाल्या. “विचारायला हवं होतं.”

एवढंच. त्यापुढं त्या दोघी त्या विषयावर बोलल्या की नाही, सुनेला माहीत नाही. सुनेनं त्या दिवशी पुढचं प्रकरण वाचलं नाही. संध्याकाळी माईंनी तीळ भाजायला काढायला सांगितले. गूळ कोणता, विचारल्यावर म्हणाल्या, “तो बंगाली उरलाय ना, तोच घाल.” खजुरीच्या गुळाची तिळाची वडी होते का, हे कुठल्या पुस्तकात नाही. होते. पाक जरा लवकर धरतो, हात चलाख हवा.

कादंबरीच्या शेवटाकडे गिरीनचं प्रकरण आहे. हा गिरीन म्हणजे गुरुचरणचं कर्ज फेडणारा, ललितेशी लग्न करायला तयार असलेला सज्जन माणूस. आपलं लग्न झालंय, नवरा हयात आहे, एवढंच ललिता त्याला सांगते. तो एक शब्द जास्त विचारत नाही, आणि गुरुचरणला दिलेला शब्द पाळायचा म्हणून धाकटीशी लग्न करतो. शेखरला खरं कळतं ते त्याच्याचकडून. तो निरोपही गिरीननंच पोचवायचा! वाचन संपलं, शेखर-ललितेचं जुळलं, आणि माई म्हणाल्या, “या गिरीनचं कुणी काही बोलत नाही. सिनेमा शेखरचा, गाणी शेखरला. खरा चांगला माणूस हाच.”

फोनवर बेबीताई हसल्या. बोलल्या नाहीत. मागून जावयांचा आवाज आला. ते गेले दहा दिवस तीन वाजता चहा घेऊन त्याच खोलीत बसत होते, हे इकडे कुणाला ठाऊकच नव्हतं.

“झालं का पुस्तक? आणि आता उद्यापासून संदेश बंद?”

“तुम्ही ऐकत होतात?” माईंनी विचारलं आणि पदर सावरला, जणू जावई दारातच उभे आहेत.

“पहिल्या प्रकरणाचं तेवढं चुकलं माझं. दूध मीच आणतो ना, गाईचं. चार किलोमीटर जावं लागतं.”

मग पुढचं पुस्तक कोणतं, यावर खल सुरू झाला. बेबीताईंनी ‘देवदास’ म्हटलं. माईंनी ते साफ मोडीत काढलं, त्या दारूड्याचं त्यांना ऐकायचं नव्हतं. ‘दत्ता’ घ्यायची ठरली, १९१८ ची, शरदबाबूंचीच, आणि शेवट गोड असलेली. कपाटात ती होती, वाळवीनं पहिली चार पानं खाल्लेली. “ती मला पाठ आहेत,” माई म्हणाल्या, आणि सुनेला सांगितलं, दुधवाल्याला उद्या दोन लीटर सांग, बेबी येतेय शनिवारी, आठ दिवस राहणार आहे म्हणे.